केसांतल्या आकड्याने कुलूप उघडत नाही

तीर्थरूप काकांस,

दोन्ही हात जोडून नमस्कार. (साष्टांग असंच लिहिणार होतो, पण पंधरा दिवसांपासून कंबर धरली आहे, आणि निदान वडीलधाऱ्यांना लिहिताना तरी खोटं लिहू नये.) तुमची तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? डोळ्यांत थेंब घालता, की बाटली खिडकीत ठेवून तिच्याकडे नुसतं बघता? तुमच्या लेकीचा, म्हणजे आमच्या बहिणाबाईंचा, फोन आला होता. तुम्ही त्यांच्या घरातली सगळी कुलपं उघडून, तेल घालून परत बसवलीत आणि त्यातलं एक आता बंदच होत नाही, असं ती म्हणत होती. मी म्हटलं, ते कुलूपच मुळात वाईट असणार. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. दुकान चालू आहे. तुम्ही इथून गेल्याला नऊ वर्षं झाली आणि या नऊ वर्षांत तुमची नऊ पोस्टकार्डं आली, प्रत्येकावर 'खुशाल आहे, खुशाली कळवणे' एवढा मजकूर. माझीही तशीच गेली. तेव्हा हे जाडजूड पाकीट बघून घाबरू नका. घरात काही वाईट झालेलं नाही. विषय सिनेमाचा आहे.

त्याचं असं झालं, की तुमची सूनबाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाली. एकतीस वर्षं कानाला यंत्र लावून जगाची बोलणी जोडून दिल्यावर घरात तिला फार शांत वाटायला लागलं. (मी बोलतो, पण माझं बोलणं तिला पाठ आहे.) आपल्या गल्लीत, लाँड्री आणि दंतवैद्यांचा दवाखाना यांच्या मधल्या गाळ्यात, एका बाईंनी सिनेमाच्या डिस्क भाड्याने द्यायचं दुकान काढलं आहे. सगळे त्यांना डिस्कवाली म्हणतात. त्यांच्याकडे कौटुंबिक सिनेमे कायम कुणीतरी नेलेले असतात, आणि रहस्यपट मात्र हवे तेवढे. म्हणून आम्ही रहस्यपटांकडे वळलो, आवड म्हणून नव्हे. दुपारी दुकान दोन तास बंद असतं, तेव्हा जेवण झालं की पडदे ओढायचे, हिने वाटाण्याच्या शेंगा घेऊन बसायचं आणि मी खुर्ची टीव्हीच्या जवळ ओढायची, असा क्रम पडून गेला. आजवर अकरा सिनेमे झाले. त्यांविषयीची माझी मतं कुणालातरी सांगायलाच हवीत, आणि त्यातलं कळणारा माणूस तुमच्याशिवाय दुसरा नाही.

(हे पत्र मी चार दिवसांपासून थोडं थोडं लिहितो आहे. उठताना ते टेबलाच्या खणात ठेवतो आणि कुलूप लावतो. तिला माझं लिहिलेलं वाचायची खोड आहे. खणाचं कुलूप मी स्वतः केलेलं, किल्ली यंत्रावर कापलेली. त्यामुळे काळजी नाही.)

पहिला सिनेमा एका श्रीमंत म्हाताऱ्याचा. बंद खोलीत त्याचा खून होतो, दार आतून लावलेलं, आणि एक डिटेक्टिव्ह दोन तास गालिच्यावर येरझाऱ्या घालत विचारतो की खुनी आत गेला कसा. काका, दार पडद्यावर दिसलं तेव्हाच मी खुर्चीतून उठलो. त्या एवढ्या सागवानी दाराला कपाटाचं कुलूप लावलं होतं हो! दोन पैशांची जीभ, पितळेचा नुसता मुलामा. त्याला किल्ली लागत नाही, नीट शिंकलं तरी पुरे. मी हे मोठ्याने सांगितलं. ही शेंगेतून मान वर न काढता म्हणाली, फोनवर धमकी देणारा आवाज फॅमिली डॉक्टरचा आहे. त्या आवाजावर रुमाल धरलेला होता, पण एकतीस वर्षांच्या नोकरीपुढे रुमाल काय करणार? शेवटी डॉक्टरच निघाला. तेव्हापासून असंच चालतं. रहस्यपटात निनावी फोन आल्याशिवाय राहत नाही, आणि फोन आला की आमचा सिनेमा दहाव्या मिनिटाला संपतो. एकदा डिस्कवर ओरखडा होता, आणि खुनी मुखवटा काढणार तेवढ्यात चित्र गोठलं. मी पुसलं, फुंकलं, तांदळाच्या डब्यातही ठेवून पाहिलं. ही म्हणाली, कशाला त्रास घेता, माळी आहे. दुसऱ्या दिवशी डिस्कवालीने माळीच असल्याचं कबूल केलं आणि नाराज झाली.

दुसऱ्या एका सिनेमात चोर तिजोरीला डॉक्टरी नळी लावून आतल्या चकत्यांचा आवाज ऐकतो आणि गालात हसतो. मी शाळेची तिजोरी उघडून दिली होती, तुम्हाला आठवत असेल. तीन तास कान लावून बसलो होतो, आणि ऐकू काय आलं तर माझ्या खांद्यावर वाकलेल्या हेडमास्तरांचा श्वास. शेवटी किल्ली त्यांच्याच दुसऱ्या कोटात सापडली. हे कुणी सिनेमात दाखवत नाही.

पण हे सगळं मी सोडून देतो. माणसाने पोटासाठी सिनेमा काढला, त्याला कुलपाचं ज्ञान नसेल, क्षमा. क्षमा नाही ती आकड्याला. अकरांपैकी सात सिनेमांत बाई केसांतला आकडा काढते, कुलपात घालते, इकडेतिकडे बघते आणि कुलूप उघडतं. सात! एका सिनेमात तर हेच काम एका टक्कल पडलेल्या गृहस्थाने केलं. त्याच्याकडे आकडा आला कुठून, हे शेवटपर्यंत सांगितलेलं नाही, आणि माझ्या मते त्या सिनेमातलं खरं रहस्य तेवढंच होतं. प्रत्येक वेळी मी उठून टीव्हीपुढे उभा राहून निषेध केला. प्रत्येक वेळी ही म्हणाली, बाजूला व्हा. आकड्यावर मी एवढा का चिडतो ते तिला कळत नाही. तुम्हाला कळेल. किल्ल्या कापायचं यंत्र दुकानात आलं त्या दिवशी तुम्ही त्याच्याभोवती एक फेरी मारलीत आणि म्हणालात, 'यावर केलेल्या कुलपाला चोर कशाला लागतो? बाईच्या केसांतला आकडा बास झाला.' त्यावर मी काय बोललो, ते इथे लिहीत नाही. (तुमच्या लक्षात असेलच. माझ्या तर आहेच.) त्या दुपारी तुम्ही कानशीची पेटी काखोटीला मारून लेकीकडे गेलात. असो. सिनेमाबद्दल लिहीत होतो.

खरी अडचण नवव्या सिनेमापासून सुरू झाली. त्यात एक बाई घरात एकटी असते, मागे खुनी, ती दाराकडे धावते, आणि हातातून किल्ली पडते. ही शेंगा सोलायची थांबली. चित्र चालू असतानाच तिने आपल्या दाराकडे मान वळवली आणि बराच वेळ तिकडेच बघत राहिली. आपल्या दाराला अजून तुमचंच कुलूप आहे, काका. पाच लिव्हरचं, हाताने घासलेलं, आतून-बाहेरून किल्लीनेच चालणारं. ते आता वयाप्रमाणे थोडं हट्टी झालं आहे. उघडायचं तर आधी दार मुठीने वर उचलायचं, खाली गुडघा लावायचा, किल्ली घालून अर्धा वेढा उलटा द्यायचा, मग जरा थांबायचं आणि सुलटी फिरवायची. मला याची सवय आहे. ही म्हणाली की सिनेमातल्या बाईला निदान पळायला संधी तरी होती, आपल्या दाराशी ती किल्ली फिरवत उभी राहील तोवर खुनी मागे स्वतःसाठी चहा करून, पिऊन, कप विसळून ठेवेल. कुलूप बदला.

कुलूपवाल्याच्या बायकोने कुलूप बदला म्हणावं यात गैर काही नाही. दुकानात डझनभर नवी पडली आहेत. मी तिला तांत्रिक कारणं दिली. म्हटलं, दाराचं लाकूड जुनं आहे, नवी भोकं सोसणार नाही. म्हटलं, पावसाळ्यानंतर बघू. म्हटलं, खुनी माणसं सहसा ओळखीची असतात आणि ती बेल वाजवून येतात, सगळ्या सिनेमांत हेच दाखवलं आहे. ती नुसती ऐकत राहिली, आणि मी बोलताना ती अशी ऐकत राहिली की मला धास्ती वाटते. मग म्हणाली, आकड्याने कुलूप उघडत नाही असं तुमचं म्हणणं आहे ना, मग हे कुलूप तरी आकड्याने उघडत नाही एवढं मला दाखवा, मी बदला म्हणणार नाही.

काका, इथे मी फसलो. अभिमान वाईट. मी म्हटलं, तू बाहेर जा, मला आत कोंड आणि दोन्ही किल्ल्या घेऊन जा, म्हणजे मनात मोह नको. (एक तिची, एक माझी. तिसरी कुठे आहे ते तुम्हाला आणि मला माहीत आहे. त्याबद्दल मी काही म्हणत नाही.) तिने केसांतले नऊ आकडे काढून माझ्या तळहातावर ठेवले, बाहेरून दार लावलं आणि डिस्क बदलून दहा मिनिटांत येते म्हणून गेली. दहा मिनिटांत माझे सहा आकडे वाकले. सातव्याची मूळव्याधीसारखी गत झाली, धड आत जाईना, धड बाहेर येईना. माझं म्हणणं सिद्ध झालं होतं. फक्त ते बघायला कुणी नव्हतं, आणि दहाची चाळीस मिनिटं झाली होती. हत्यारं दुकानात. खिडक्यांना गज. कुलूप आतून खोलावं तर स्क्रूंची डोकी तुम्ही त्या काळी कानशीने सपाट करून ठेवलेली, चोराच्या बापाला फिरवता येऊ नयेत म्हणून. चोराच्या बापाचं ठीक आहे, पण तुमच्या पुतण्यालाही ती फिरवता येत नाहीत. हिला फोन केला, तो स्वयंपाकघरात वाजला.

गावात दुसरा किल्लीवाला एकच, तो बाजारात मोठ्या छत्रीखाली बसणारा, ज्याला आपण छत्रीवाला म्हणतो. पंचवीस वर्षांची आमची स्पर्धा. त्याला बोलावण्यापेक्षा मी आतच म्हातारा होणं पसंत केलं असतं. पण तासाभराने मी जरा मोठ्याने 'कुणी आहे का' म्हटलं, आणि शेजारचे दंतवैद्य दवाखाना सोडून धावत आले. भला माणूस. बाहेरून म्हणाले, घाबरू नका, मी किल्लीवाल्याला फोन करतो. आपल्या दारावर दुकानाचा नंबर चिकटवलेला आहे, तो त्यांनी लावला. माझ्या खिशातला फोन वाजला. मी घेतला, आणि त्यांचं सगळं ऐकून घेऊन म्हटलं, काळजी करू नका, दहा मिनिटांत पोचतो. (तीस वर्षांची सवय. तोंडातून निघून गेलं.) मग दंतवैद्यांनी दारातूनच विचारलं, की तुम्ही आतच आहात ना? मी म्हटलं, हो. मग तुम्ही पोचणार कुठून, असं त्यांनी विचारलं. मग दवाखान्यातून आपला छोटा आरसा आणि आकडी आणून किल्लीच्या भोकात बघितलं, आणि आत थोडी कीड आहे म्हणाले.

मग त्यांनी मला न विचारता छत्रीवाल्याला बोलावलं. मी आतून त्याची सायकल लागल्याचा आवाज ऐकला. आता हा हसणार, आता चार लोकांत सांगणार. पण तसं झालं नाही. नंतर दंतवैद्यांनी सांगितलं, की तो खाली बसला, भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि पेटी न उघडता उठला. म्हणाला, 'हे काकांच्या हातचं काम आहे. याला मी कानस लावणार नाही.' मग त्याने दाराजवळ येऊन मला विचारलं, 'काका आहेत कुठे?' मी म्हटलं, लेकीकडे. 'कधी येणार?' मी आत उभा होतो, हातात सात वाकडे आकडे. थोड्या वेळाने त्याची सायकल गेली.

ही दोन तासांनी आली. डिस्कवालीने दुकानातच नवा सिनेमा लावला होता, तो उभ्याने शेवटपर्यंत पाहिला म्हणाली. खुनी दहाव्या मिनिटाला कळला होता, पण खात्री करून घ्यावी म्हणून थांबली. दार उघडायला तिला गुडघा, मूठ, उलटा वेढा असं सगळं करून सात मिनिटं लागली, तीही दंतवैद्य आणि लाँड्रीतली माणसं बघत असताना. आत आल्यावर तिने आकडे मोजून घेतले आणि एवढंच म्हणाली, की कुलूप बदलत नसाल तर दारच बदलू. सुताराला सांगितलं आहे म्हणे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी तो येतो, जुनं दार चौकटीसकट काढून नेतो आणि नवं बसवतो. कुलूप दाराबरोबर जाईल.

तर असे हे रहस्यपट. माझं मत विचाराल तर बघू नयेत. तुमच्या लेकीला आशीर्वाद, जावईबापूंना नमस्कार. थंडी वाढली आहे, गुडघ्याला लोकरी पट्टा बांधत जा.

तुमचा पुतण्या

ता. क. : तिसऱ्या किल्लीबद्दल. ती तुमच्या खिशात गेली हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तिच्यासारखी दुसरी करून बघितली. यंत्र ती धरतच नाही, आणि हाताने चार वेळा घासली, चारही आत जातात आणि फिरत नाहीत. किल्ली पोस्टाने पाठवू नका, पोस्टात वस्तू हरवतात. सुतार येतो त्या रविवारच्या आत कुणीतरी स्वतः आणून दिलेली बरी.

पुन्हा ता. क. : कुलूप का बदललं नाही ते वर लिहायचं राहून गेलं. नवं बसवलं असतं तर तुमच्या खिशातली किल्ली कशालाच लागली नसती. आणि यंत्र आलं त्या दिवशी मी तुम्हाला म्हणालो होतो की काका, आता तुमचा हात कापतो. ते मी बोलायला नको होतं. नऊ वर्षं मनात आहे. सिनेमाबद्दल बाकीचं भेटीत.

काका, नमस्कार. मी सूनबाई. हे पत्र चार दिवस खणात पडून आहे, पाकिटात घालायचं नाव नाही. म्हणून मीच उघडलं. केसांतला आकडा घातला, दोनदा हलवला, उघडलं. सिनेमात दाखवतात तसंच. मला कुठल्याही सिनेमाची भीती वाटलेली नाही, आणि सुताराला मी काहीही सांगितलेलं नाही. तो तर नसते प्रश्न विचारत बसतो, त्याला कोण सांगेल? तुमचं नाव निघालं की यांचा आवाज बदलतो, हे मी नऊ वर्षं ऐकते आहे. दाराला हात घातल्याशिवाय यांच्या हातून पत्र निघालं नसतं, म्हणून घातला. तुमच्या खोलीतली गादी उन्हात टाकली आहे. येताना किल्ली आणा, आणि कानशीची पेटीही आणा, कारण हे दार माझ्याने उघडत नाही हे मात्र अगदी खरं आहे.

शेवटचं ता. क. : वरचं मी आत्ता वाचलं. खण तपासला, कुठे ओरखडा नाही. तिच्या हातातून आकडा घेऊन मी स्वतः करून पाहिलं. चार सेकंद. मग तोच आकडा घेऊन ती अर्धा तास मुख्य दाराशी बसली होती. ते उघडलं नाही. खणाचं कुलूप माझं, दाराचं तुमचं. काका, या.